शत्रूशीं देवघेव

भाऊबंदांचा दावा ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. वडिलार्जित जमिनीच्या बांधावरून तंटा लागतो, तो मामलेदाराच्या कचेरींतून जिल्हाकोर्टापर्यंत चढत जातो, एका ओटीवरचीं माणसें दुसऱ्या ओटीवरच्या माणसांचें तोंड पाहीनाशीं होतात, लग्नकार्याचें आमंत्रणसुद्धां बंद पडतें. पण दोन घरांमधल्या सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळी मात्र सहसा चुकत नाहीं. सोमवारीं थोरल्याचा रहाट, मंगळवारीं धाकट्याचा. दोघांच्याही वकिलांना हें ठाऊक असतें आणि गांवालाही त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. वैर वैराच्या जागीं, पाणी पाण्याच्या जागीं, असा एक अलिखित विवेक त्याच्या मुळाशीं असतो, आणि त्यानें पुष्कळ गांवें सांभाळलीं आहेत.

पण समजा, तो तंटा कोर्टाच्या पायरीवर थांबला नाहीं. समजा, धाकट्यानें एका रात्रीं माणसें जमवून थोरल्याच्या घरावर हल्ला केला, गोठ्याला आग लावली, घरांतलें एक मूल त्यांत मेलें. आणि दुसऱ्या दिवशीं, मंगळवार म्हणून, धाकट्याचा रहाट नेहमीप्रमाणें फिरूं लागला. इतकेंच नव्हे, तर थोरल्याच्या परसांतून पाट नेण्याबद्दल ठरलेलें भाडें धाकट्यानें महिनाअखेर पाठवून दिलें, आणि थोरल्यानें तें मोजून घेऊन पेटींत ठेवलें. या थोरल्याला आपण काय म्हणावें? शहाणा? लाचार? कीं दुःखानें मति गुंग झालेला?

हा प्रश्न मीं नुसत्या कल्पनेनें रचलेला नाहीं. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर चौफेर स्वारी केली. त्या दिवशीं रशियाचा गॅस युक्रेनच्या भूमीखालच्या नळांतून युरोपकडे वाहत होता. दुसऱ्या दिवशींही वाहत होता. पुढें जवळजवळ तीन वर्षें, १ जानेवारी २०२५ च्या सकाळपर्यंत, तो वाहतच राहिला. वर शहरें पडत होतीं, विजेचीं केंद्रें क्षेपणास्त्रांनीं उडविलीं जात होतीं. आणि खालीं जमिनींतून शत्रूचा माल सुखरूपपणें शत्रूच्या गिऱ्हाइकाकडे जात होता. या वाहतुकीचें भाडें शत्रु देत होता, आणि ज्याचें घर जळत होतें तो तें घेत होता. भाड्याची रक्कम वर्षाकांठीं सुमारें ८० कोटि डॉलर. त्याच नळांतून गेलेल्या मालाचे रशियाच्या गाझप्रॉम कंपनीला मिळणारे पैसे सुमारें ५ अब्ज डॉलर. ऑगस्ट २०२४ मध्यें तर याहून विलक्षण गोष्ट घडली. युक्रेनच्या सैन्यानें उलट सरहद्द ओलांडून रशियाच्या कुर्स्क प्रांतांत मुसंडी मारली व सुद्जा हें गांव जिंकलें. हा सगळा गॅस ज्या ठिकाणीं मोजून युक्रेनच्या हद्दींत सोडला जाई, तें मापनकेंद्र या सुद्जालाच आहे. तेंही युक्रेनी सैनिकांच्या हातीं आलें. शत्रूच्या तिजोरीची तोटी हातांत आली असतां त्यांनीं ती बंद केली नाहीं. दिवसाला सुमारें ४ कोटि घनमीटर गॅस पूर्वींप्रमाणेंच त्यांच्या पायांखालून जात राहिला.

ही हकीकत ऐकून पहिल्या क्षणीं संताप येतो. मलाही आला. परंतु ज्या प्रश्नांत संतापाला उत्तर फार लवकर सुचतें, त्यांत तें उत्तर थोडें तपासून घ्यावें, अशी वयोमानानें संवय झाली आहे.

कायद्याचें उत्तर सोपें आहे. १९१४ सालीं महायुद्ध सुरू होतांच इंग्लंडनें दोन महिन्यांच्या आंत शत्रूशीं व्यापार करणें हा गुन्हा ठरविणारा कायदा केला, आणि तेव्हांपासून बहुतेक राष्ट्रांनीं तीच वाट धरली. आपल्याकडे कौटिल्यानें इतका सरसकट निषेध केलेला नाहीं. परदेशचा माल देशांत यावा म्हणून सवलती द्याव्या, असेंच तो सांगतो. मात्र देशाबाहेर जाऊं द्यावयाचे नाहींत असे कांहीं जिन्नस त्यानें नांवानिशीं दिले आहेत. शस्त्रें, चिलखतें, धातु, रथ, रत्नें, धान्य आणि पशु. ही यादी पाहिली म्हणजे तो गृहस्थ किती व्यवहारी होता याची खूण पटते. धान्य आणि गुरें त्यानें तलवारींच्याच पंक्तीला बसविलीं आहेत. लढाई अन्नावर चालते व तिजोरीवर चालते, हें त्याला कळलें होतें; आणि हें एकदां कळलें म्हणजे "अमुक माल निरुपद्रवी, अमुक घातक" ही वांटणी फार काळ टिकत नाहीं. गॅस हें शस्त्र नव्हे, पण त्याच्या किंमतींतून शस्त्र विकत मिळतें. मालाची जात पाहून आपल्या प्रश्नाचा निकाल लागणार नाहीं.

मग कशावरून लागेल? त्यासाठीं गॅसच्या नळापूर्वीं कोळशाच्या एका गाडीकडे पाहिलें पाहिजे. कारण या दोन शेजाऱ्यांचें युद्ध २०२२ सालीं नव्हे, २०१४ सालीं सुरू झालें, आणि ज्या प्रश्नाची आपण चर्चा करीत आहों तो त्यांच्यापुढें आठ वर्षें आधींच उभा राहिला होता.

२०१४ मध्यें युक्रेनच्या पूर्वेकडील डोनबास या खाणींच्या मुलखांत रशियाच्या पाठबळानें बंड उठलें व त्याचा मोठा भाग कीव्हच्या सरकारच्या हातून गेला. अँथ्रसाइट नांवाचा कठीण जातीचा कोळसा युक्रेनला मिळे तो नेमका या भागांतून. आणि देशांतील औष्णिक वीजघरांपैकीं सुमारें निम्मीं याच कोळशासाठीं बांधलेलीं होतीं. अँथ्रसाइटच्या भट्टींत हाताला येईल तो दुसरा कोळसा टाकून चालत नाहीं. भट्टीच बदलावी लागते, आणि त्याला वेळ व पैसा दोन्ही लागतात. तेव्हां झालें असें कीं, खंदकांच्या रेषेवर दोन्ही बाजूंचे सैनिक एकमेकांवर तोफा डागीत होते, आणि तीच रेषा ओलांडून कोळशाच्या मालगाड्या पश्चिमेकडे येत होत्या. उलट दिशेनें पोलादाच्या कारखान्यांना लागणारें खनिज जात होतें. पलीकडच्या पुष्कळ खाणी व कारखाने कागदोपत्रीं युक्रेनी कंपन्यांचेच राहिले होते. ते कर कीव्हला भरीत, आणि बंडखोरांच्या अमलाखालीं राहणारे त्यांचे मजूर पगार मात्र युक्रेनचा घेत. जगाच्या इतिहासांत इतकी गुंतागुंतीची लढाई फार थोडी झाली असेल.

जानेवारी २०१७ च्या अखेरीस आघाडीवरून परतलेले कांहीं सैनिक व त्यांचे सहकारी रुळांवर जाऊन बसले आणि त्यांनीं गाड्या अडविल्या. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें, कीं आम्हीं ज्यांच्या गोळ्यांनीं मित्र गमावले त्यांनाच तुम्ही पैसे देतां. हा रक्ताचा व्यापार आहे. सरकार म्हणालें, गाड्या थांबल्या तर ऐन हिवाळ्यांत दिवे जातील, पोलादाचे कारखाने बसतील, आणि पलीकडे अडकलेल्या आपल्याच नागरिकांचा आपल्याशीं उरलेला शेवटचा धागा तुटेल. फेब्रुवारींत विजेच्या बाबतींत आणीबाणीचे उपाय जाहीर करावे लागले. मार्चच्या मध्यावर पोलिसांनीं एका ठिकाणचे सत्याग्रही हुसकून लावले. आणि नंतर दोनच दिवसांनीं, लोकमताचा रेटा पाहून, त्याच सरकारनें त्या मुलखाशीं चालणारी सर्व मालवाहतूक स्वतःच बंद केली.

मला स्वतःला त्या रुळांवरच्या माणसांचा प्रश्न खोडून काढतां येत नाहीं. युद्धांत राष्ट्र कांहीं थोड्या लोकांना सांगतें, कीं तुमचें सर्वस्व द्या, प्राणसुद्धां द्या, आणि त्याचा हिशेब मागूं नका. अशा माणसाच्या डोळ्यांसमोरून जेव्हां कोळशाचे डबे जातात, तेव्हां त्याला टोंचतें तें शत्रूला मिळणारे पैसे हें कदाचित् दुय्यम असावें. त्याला खरें टोंचतें तें हें, कीं ज्या राष्ट्रानें माझ्याजवळ प्राण मागितला त्यानें मागच्या माणसाजवळ एक रात्र अंधारांत काढण्याचीसुद्धां मागणी केली नाहीं. त्यागाची वांटणी विषम झाली. व्यापाराच्या बाजूचे सगळे युक्तिवाद, आणि ते कांहीं खोटे नव्हते, या एका ठिकाणीं येऊन अडखळतात. त्यांतून या खाणींचा व कारखान्यांचा सर्वांत मोठा मालक देशांतला सर्वांत श्रीमंत मनुष्य होता, म्हणजे तर बोलणेंच खुंटलें!

पण गाड्या थांबल्यावर काय झालें, तेंही पाहिलें पाहिजे; आणि तें पाहणें रुळांवर बसणाऱ्यांच्या अभिमान्यांना आवडत नाहीं. नाकेबंदीला उत्तर म्हणून मार्चच्या पहिल्या तारखेसच बंडखोरांनीं आपल्या हद्दींतील युक्रेनी कंपन्यांचे कारखाने ताब्यांत घेतले. कर गेला, पगार गेला, आणि त्या पगारावर कीव्हशीं बांधलेलीं हजारों घरें दुसऱ्या पारड्यांत जाऊन पडलीं. वीजघरांना कोळसा तर हवाच होता. तो दक्षिण आफ्रिकेंतून आला. सप्टेंबर २०१७ मध्यें अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियांतून आगबोटीनें आला. आणि बराचसा आला तो खुद्द रशियाकडून. त्या सालीं युक्रेननें बाहेरून घेतलेल्या कोळशाच्या किंमतीचा सर्वांत मोठा वांटा रशियाला मिळाला. त्यांतला कांहीं कोळसा डोनबासचाच असून केवळ रशियाची चिठ्ठी लावून परत येत आहे, अशी शंकाही उघडपणें घेतली जात होती. म्हणजे आधीं पैसे शत्रूच्या आश्रिताला मिळत होते, ते आतां शत्रूला मिळूं लागले. गॅसच्या बाबतींतही असेंच घडलें होतें. नोव्हेंबर २०१५ पासून युक्रेननें रशियाकडून गॅस घेणें बंद केलें व तो पश्चिमेच्या शेजाऱ्यांकडूनच घेतला. पण या शेजाऱ्यांकडे तरी गॅस कोठून येत होता? पुष्कळदां तो देशाच्या बाहेर गेला आणि परत आला, हें सगळें कागदावरच होई. नळ तोच, वायु तोच, फक्त पावतीवरचें नांव निराळें.

या पावतीच्या नांवाचें महत्त्व मीं अगदींच शून्य मानीत नाहीं. युरोपांतल्या विक्रेत्याशीं भाव करतां येतो, तो उद्यां तोटी बंद करून आपल्याला गुडघे टेंकावयास लावीत नाहीं. ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. पण तिला नैतिक विजय म्हणणें म्हणजे आत्मवंचना होय. क्रिमियाच्या युद्धांत, १८५४ नंतर, इंग्लंडनें रशियाचीं बंदरें रोखलीं, आणि रशियाचा ताग व चरबी प्रशियाच्या मुलखांतून खुष्कीच्या वाटेनें फिरून इंग्लंडच्याच गिरण्यांत आलीं. इंग्रज गिऱ्हाइकाला थोडा अधिक भाव पडला, मधल्या प्रशियन दलालाचें कल्याण झालें, आणि इंग्रज मनाला शत्रूशीं व्यवहार न केल्याचें समाधान मिळालें. इतकें स्वस्त समाधान सहसा मिळत नाहीं.

व्यापारामुळें राष्ट्रें सौम्य होतात आणि लढाया थांबतात, हा एक जुना व लोकप्रिय सिद्धान्त येथें पुढें केला जातो. माँतेस्क्यूनें तो अठराव्या शतकांत सुंदर रीतीनें मांडला. १९१० च्या सुमारास नॉर्मन एंजल यानें युद्ध हा आतां तोट्याचाच धंदा झाला असल्याचें आंकड्यांनीं सिद्ध केलें, आणि चार वर्षांनीं त्याच्या वाचकांनीं एकमेकांवर तोफा रोखल्या. जर्मनीनें पन्नास वर्षें रशियाचा गॅस घेऊन हाच प्रयोग करून पाहिला. त्याचें फळ आपण पाहिलेंच आहे. ज्याला लढावयाचें आहे त्याला गिऱ्हाईक गमावण्याचें भय रोखीत नाहीं, एवढें म्हणून हा सिद्धान्त बाजूला ठेवतों.

क्रिमियाच्याच युद्धांतली दुसरी एक गोष्ट मात्र मला फार विचार करण्यासारखी वाटते. नेपोलियनशीं झालेल्या युद्धाच्या अखेरीस, १८१५ सालीं, रशियाच्या एका कर्जाचा वांटा फेडण्याचें इंग्लंडनें पत्करलें होतें. त्यापायीं दरवर्षीं एक रक्कम द्यावी लागे. १८५४ सालीं रशियाशींच युद्ध जुंपलें. तेव्हां शत्रूच्या कर्जाचा हप्ता आपण कां भरावा, असा प्रश्न पार्लमेंटांत उपस्थित झाला. आणि उत्तर मिळालें, कीं भरावा. सेबॅस्टोपोलच्या तटाखालीं इंग्रज शिपाई मरत होते व लंडनमध्यें हप्ते भरले जात होते. यांत सावकारी पेढीची पत राखण्याचा हेतु नव्हता असें मीं म्हणत नाहीं. पण हेतु कसाही असो, विक्री आणि देणें या दोहोंत त्यांनीं केलेला भेद मला खरा वाटतो. विक्री आज ठरवावयाची असते. ती करावी कीं करूं नये, हें आजच्या स्थितीवरून ठरतें. देणें कालच ठरलेलें असतें. तें दिलें कीं शत्रूला नवें कांहीं मिळत नाहीं. जें त्याचें होतें तेंच मिळतें. आणि तें अडवून ठेवलें तर आपण त्याचा पराभव करीत नाहीं, फक्त आपला शब्द मोडतों.

या ठिकाणीं मराठी वाचकाच्या मनांत जें येईल तें मीं टाळणार नाहीं. फाळणीच्या वेळीं रोख शिल्लकेपैकीं ७५ कोटि रुपये पाकिस्तानच्या वांट्यास ठरले. २० कोटि आधींच दिले गेले होते, ५५ कोटि राहिले. काश्मिरांत युद्ध चालू होतें. या पैशांतून आपल्याच सैनिकांवर झाडावयाच्या गोळ्या विकत घेतल्या जातील, म्हणून हिंदुस्थान सरकारनें ते थांबविले. १३ जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींनीं उपोषण आरंभिलें. दिल्लींतल्या हिंदु, शीख व मुसलमान यांचीं मनें पुन्हां जुळावीं, हा त्याचा मुख्य उद्देश होता. तथापि पैसे अडवून ठेवणें त्यांना मान्य नव्हतें, हेंही प्रसिद्ध होतें. १५ तारखेस सरकारनें ५५ कोटि देण्याचें ठरविलें. ३० जानेवारीस गांधीजींचा खून झाला. आणि खून करणारा पुण्याचा होता, व न्यायालयापुढें त्यानें या ५५ कोटींचा उच्चार केला, हें आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कधीं मोठ्यानें, कधीं दबल्या आवाजानें बोललें गेलें आहे.

सरकारची बाजू पोरकट नव्हती. गोळ्यांची भीति खरी होती. वल्लभभाई पटेलांसारख्या माणसाला ती खरी वाटली होती. मला एवढेंच म्हणावयाचें आहे, कीं ते ५५ कोटि आपले नव्हते. आपल्या पेटींत होते, म्हणून ते आपले वाटले. घरांतल्या वांटणीच्या वेळीं धाकट्याचे दागिने थोरल्याच्या कपाटांत राहिले, एवढ्यानें ते थोरल्याचे होत नाहींत. धाकटा उद्यां ते मोडून कोयता विकत घेणार असला तरी होत नाहींत. त्या कोयत्याचा बंदोबस्त निराळ्या रीतीनें केला पाहिजे. आणि हें आपल्या राष्ट्राला पुढें कळलें नाहीं असेंही नाहीं. १९६० च्या सिंधुजलकरारान्वयें पाकिस्तानांतल्या कालव्यांच्या कामासाठीं ६ कोटि २० लाख ६० हजार पौंड दहा वार्षिक हप्त्यांनीं देण्याचें भारतानें मान्य केलें होतें. १९६५ सालीं दोन्ही देशांचें युद्ध झालें, आणि त्या वर्षाचाही हप्ता भारतानें भरला. त्याबद्दल तेव्हां कोणी उपोषण केलें नाहीं कीं कोणी पिस्तुल उचललें नाहीं. (याच करारास एप्रिल २०२५ मध्यें, पहलगामच्या हत्याकांडानंतर, भारतानें स्थगिति दिली, व मे महिन्याच्या आरंभीं पाकिस्तानचा सर्व माल बंद केला. यांतली दुसरी गोष्ट नव्या व्यापाराची आहे व तिच्याबद्दल मला कांहींच म्हणावयाचें नाहीं. पहिली दिलेल्या शब्दाची आहे. तिच्याबद्दल माझें मन अजून निवांत नाहीं.)

आतां युक्रेनच्या नळाकडे परत वळूं. तो व्यवहार विक्री होता कीं देणें? मला वाटतें, तो दोहोंच्या मधला होता, आणि म्हणूनच अवघड होता. ३० डिसेंबर २०१९ रोजीं गाझप्रॉम व युक्रेनची कंपनी यांच्यांत पांच वर्षांचा करार झाला. पहिल्या वर्षीं ६५ अब्ज घनमीटर आणि पुढें दरवर्षीं ४० अब्ज घनमीटर गॅस नेण्याचें त्यांत ठरलें. हा करार दोघांचा होता. पण नळाच्या पलीकडच्या टोंकाला स्लोव्हाकिया होता, ऑस्ट्रिया होता, मोल्दोव्हा होता. त्यांनीं कोणावर स्वारी केली नव्हती. त्यांच्या चुली त्या नळावर होत्या. आणि यांतलेच कित्येक युक्रेनला आश्रय, शस्त्रें व पैसा देत होते. तोटी बंद करणें म्हणजे शत्रूच्या खिशांत हात घालण्याआधीं मित्राची शेगडी विझविणें होतें.

म्हणून युक्रेननें काय केलें? करार मोडला नाहीं. मे २०२२ मध्यें दोन प्रवेशद्वारांपैकीं एक बंद केलें, कारण तेथलें यंत्रघर शत्रुसैन्याच्या ताब्यांत गेलें होतें व तें तेथें ढवळाढवळ करीत होतें. दुसरें, सुद्जाचें, चालू ठेवलें. ठरलेलें भाडें रशिया पुरतें देत नाहीं, अशी तक्रार करून लवादाकडे धांव घेतली; म्हणजे ज्याच्याशीं रणांत लढत होते त्याच्याशींच पंचांपुढेंही भांडत होते! आणि २०२३ पासूनच बजावून ठेवलें, कीं मुदत संपली म्हणजे करार संपला. आम्ही तो वाढविणार नाहीं. त्याप्रमाणें १ जानेवारी २०२५ रोजीं नळ थांबला. आपल्या रक्तावर आणखी अब्जावधि कमाई करूं देणार नाहीं, अशा अर्थाचें झेलेन्स्की तत्पूर्वीं बोलले होते. स्लोव्हाकियाचे मुख्य प्रधान मॉस्कोला जाऊन आले, युक्रेनला वीज देणें बंद करूं असें धमकावून पाहिलें. पण मुदत ती मुदत.

शब्द शेवटच्या दिवसापर्यंत पाळावयाचा, आणि त्यापुढें एक दिवसही वाढवावयाचा नाहीं. या आचरणाला मला नांव देतां येत नाहीं, पण तें मला योग्य वाटतें. तें सोंवळें नव्हतें, हें मीं जाणतों. भाड्याचे ८० कोटि डॉलर युक्रेनला हवे होते. युरोपची मर्जी राखावयाची होती. नळांत शत्रूचा माल आहे तोंवर शत्रु नळावर बाँब टाकणार नाहीं, हाही हिशेब होता. हे सगळे हेतु त्यांत मिसळलेले होते, व तसे ते प्रत्येक करार पाळणाऱ्याच्या मनांत मिसळलेलेच असतात. निव्वळ धर्मासाठीं हप्ता भरणारा ऋणको मीं तरी पाहिला नाहीं. परंतु ज्या तीन वर्षांत गाझप्रॉमला दरसाल अब्जावधि डॉलर या वाटेनें मिळाले, त्या तीन वर्षांत मेलेल्या एखाद्या युक्रेनी मुलाच्या आईनें मला विचारलें, कीं तुमच्या या योग्यतेची किंमत माझ्या मुलानें कां द्यावी, तर मजजवळ उत्तर नाहीं. रुळांवरच्या सैनिकाचा प्रश्न तोच होता. तेव्हां कोळशाचा व्यवहार कोणत्याही दिलेल्या शब्दावाचून, केवळ सोयीखातर, रोज नव्यानें चालला होता. म्हणून त्याच्या प्रश्नापुढें मीं मान लववितों. येथें शब्द होता आणि तिसऱ्याची चूल होती. हा फरक मला दिसतो. त्या आईला तो दिसावा, असें म्हणण्याचा अधिकार मला नाहीं.

आणि मुदत पाळली, पूर्वसूचना दिली, म्हणजे तिसऱ्याचें भलें झालें, असेंही नव्हे. मोल्दोव्हाच्या पूर्व कडेला ट्रान्सनिस्ट्रिया नांवाची एक चिंचोळी पट्टी आहे. तेथें रशियाचें सैन्य आहे आणि सुमारें साडेचार लाख माणसें आहेत. त्यांचा गॅस याच नळानें, जवळजवळ फुकट, येत असे. १ जानेवारीस घरांतलें तापविण्याचें व गरम पाण्याचें नळपाणी बंद झालें. कारखाने थांबले, दिवे तासांच्या पाळीनें लागूं लागले, शहरांत राहणारे लोक लांकडें फोडूं लागले. गॅस आणावयाला दुसरी वाट होती. तुर्कस्थान व बल्गेरिया यांतून तो फिरवून आणतां आला असता. पण मोल्दोव्हाकडे जुनी थकबाकी आहे, या सबबीवर गाझप्रॉमनें तसें करण्याचें नाकारलें; ती थकबाकी मोल्दोव्हा मान्य करीत नव्हता. ज्यांना रशिया आपलीं माणसें म्हणवीत होता त्यांना रशियाच्या कंपनीनें गारठ्यांत ठेवलें, आणि फेब्रुवारीच्या आरंभीं त्यांच्या घरांत पुन्हां ऊब आली ती युरोपीय संघाच्या पैशानें घेतलेल्या गॅसानें. येथें दोष कोणाचा हें सांगणें मला कठीण वाटत नाहीं. तरीही कीव्हमध्यें मुदत मोजणाऱ्यांना ही पट्टी नकाशावर दिसत होतीच.

राहतां राहिला नळ. गॅस वाहत होता तोंवर त्याला कोणी हात लावला नाहीं, हा व्यापाराच्या बाजूच्या लोकांचा दावा खरा ठरला. सुद्जाभोंवतीं महिनोनमहिने तुंबळ लढाई झाली, पण नळ शाबूत राहिला. तो जानेवारींत रिकामा झाला. मार्च २०२५ मध्यें सुद्जा परत घेण्यासाठीं रशियाचे सैनिक त्याच रिकाम्या नळांत शिरले, आणि कित्येक मैल अंधारांतून, उरलेल्या वायूच्या वासांत गुदमरत, वांकून चालत, युक्रेनी फळीच्या पाठीमागें बाहेर पडले.